धार नसलेली तलवार

प्रिय अप्पा,

आत्ताच वाघोलीहून आले. आईनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?" मला काही सांगताच येईना. म्हणून तुम्हालाच लिहायला बसलेय. ज्या कामाला निघाला होतात आणि पोचला नाहीत, त्या कामाला मी आज गेले होते. ते पुरतं झालेलं नाही. पण ते करता करता तुमच्याबद्दल जे कळलंय, ते मला अजून पटत नाहीये. हे मी तुमच्याखेरीज आणखी कुणाला विचारू?

मला वाटायचं, मी तुम्हाला ओळखते!

त्या सकाळचं आधी सांगते, कारण तुम्हाला ते माहीतच नाही. तुम्ही "जरा जाऊन येतो" म्हणालात. आईनं कुठे म्हणून विचारलं, तर "आलो की सांगतो." मी ऑफिसात होते. अनोळखी नंबरवरून सारखा फोन येत होता, शेवटी उचलला. पलीकडे पोलीस चौकीतले हवालदार होते. तुम्ही स्वारगेटला बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या कोसळलात. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण तिथे पोचण्याआधीच सगळं संपलं होतं. मग जरा चाचरतच म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. वडील तलवार घेऊन कुठे निघाले होते?"

तलवार? तुम्ही? आणि बसनं?

तुमच्या तलवारींना उघड्या हातानं शिवायची आम्हाला बंदी होती. हाताच्या घामानं पोलाद खातं म्हणायचात. प्रदर्शनाला न्यायच्या असल्या तर गाडीच्या मागच्या सीटवर गाद्या घालून न्यायचात, आणि आम्ही दोघी रिक्षानं मागून! आणि त्या दिवशी त्यातली एक आईच्या जुन्या निळ्या चादरीत गुंडाळून, काखेत धरून, तुम्ही बसची वाट बघत होतात?

चौकीत त्यांनी ती चादर उलगडली. तुम्ही जिला 'भालाईताची तलवार' म्हणायचात, तीच होती, भाला चालवणाऱ्या जर्मन स्वाराची. सगळ्या संग्रहातली तुमची सर्वांत लाडकी! ती कुणाच्या हातात द्यायलासुद्धा तुम्ही तयार नसायचात.

किती रविवार त्या तलवारींनी खाल्ले आमचे! उन्हं दिवाणखान्यात आली की तुम्ही एकेक म्यानातून काढायचात. सगळ्या जर्मन घोडदळाच्या, शंभर वर्षांहून जुन्या, आणि सगळ्यांच्या पात्यांवर चित्रं. दौडणारे घोडे, वेली, पलटणीचं नाव. कारखान्यात जन्मभर पोलादाला पाणी द्यायचं काम केलेला माणूस तुम्ही, पण ती नक्षी बघताना लहान मुलासारखे व्हायचात. "मनू, बघ. पात्याला मेण लावायचं, मेणावर सुईनं चित्र काढायचं आणि तेजाबात बुडवायचं. मेण खरवडलंय तिथेच तेजाब चावतं." त्या अक्षरांसाठी तुम्ही संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकलात. भालाईताच्या तलवारीवरच्या ओळीचा अर्थ तर मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. 'माझ्या सैन्यातल्या दिवसांची आठवण.' आणि खाली नोकरी संपवून घरी जाणाऱ्या कुणा शिपाईगड्याचं नाव. "आपल्याकडे रिटायर होताना घड्याळ देतात ना, तसंच," असं तुम्ही सांगायचात. "फक्त हे ज्याचं त्यानं हौसेनं दुकानातून घ्यायचं."

आई धूळ पुसता पुसता म्हणायची, "इतक्या तलवारी घरात, पण काकडी कापायची म्हटली तर एकीला धार नाही." तुम्ही म्हणायचात, "अगं, शोभेच्या आहेत त्या. मिरवायच्या." आणि आई म्हणायची, "ते कळलं मला. घरात आणखीही एक तसाच आहे."

हसायचो आपण. त्या हसण्यात केवढं काय दडलं होतं, हे मला आत्ता कळतंय.

चौकीतच तुमचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'कमल खानावळ'. हवालदारांनी फोन माझ्यापुढे केला. एक बाई बोलत होती. "अवो, कुठवर आलात? जेवायलाच या, म्या थांबलेय." मी कसंबसं सांगितलं, की मी त्यांची मुलगी, आणि ते आता येणार नाहीत. मग "बरं" एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

कोण ही कमल? आईला विचारलं. आईलाही माहीत नव्हतं! चाळीस वर्षांच्या संसारानंतर आईचा तो चेहरा मला बघवला नाही, अप्पा. तेराव्यापर्यंत तिनं ते नाव पुन्हा काढलं नाही. पाहुणे पांगल्यावर मात्र कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्या खानावळीला फोन लाव. जे असेल ते ऐकू दे मला."

मी फोन स्पीकरवर लावला. बाई सरळ बोलल्या. "ती तलवार आमच्या घरची. म्हंजे माझ्या सासरची. तुमचे वडील ती परत द्यायला येनार हुते. म्हनले, तुला काहीतरी सांगायचं बी हाय. काय ते मला ठावं न्हाई."

तलवार परत करणार? तुम्ही? आईनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. घेतलेली तलवार तुम्ही कधी विकली नाहीत, बदलली नाहीत, उसनीसुद्धा दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दीक्षितकाकांकडे गेले. तुम्हा दोघांची जोडी! जुन्या बाजारात, सरदारांच्या पडक्या घरांत, कुठे जुनं हत्यार आहे म्हटलं की एकत्र धावणारे. त्यांना नक्की माहीत असणार. मी नुसतं विचारलं, "काका, भालाईताची तलवार अप्पांनी कुठून घेतली होती?" आणि त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"बस," म्हणाले. "हे तुला सांगायची वेळ माझ्यावर यायला नको होती."

मग त्यांनी सांगितलं. साताऱ्याकडचं एक गाव, तू शाळेत असतानाची गोष्ट. घरातले पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेले, त्यांनी येताना ती तलवार आणलेली. घरात पिढ्यान्पिढ्या सांगितलं जायचं, की मेलेल्या गोऱ्या स्वाराच्या मुठीतून ती काढून आणलीय, ती रक्त प्यालेली आहे. म्हणून ती माळ्यावर, कापडात बांधलेली. कुणी हात लावायचा नाही. नवी सून आली. तिला कुणी सांगितलं नसावं. दसऱ्याला साफसफाई करताना तिला ती सापडली. तिनं पुसून, हळदकुंकू वाहून, बाकीच्या हत्यारांबरोबर पूजेला मांडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा विहिरीवरची मोटर बघायला उतरला आणि पाय घसरून पडून मेला.

"आम्ही गेलो तेव्हा घरात सुतकच होतं म्हण ना," काका म्हणाले. "तिची म्हातारी सासू म्हणाली, घेऊन जा ही अवदसा. अजून कुणाचा जीव घेईल."

"आणि अप्पा काय म्हणाले?"

"त्यानं ती म्यानातून काढली. उजेडात धरून वाचली. बोटानं धार चाचपली. परत म्यानात घातली आणि म्हणाला, नेतो."

"बस? एवढंच?"

"तिथे एवढंच. गाडीत बसल्यावर हसायला लागला. मला म्हणाला, दीक्षित, ही लढाई बघितलेलीच नाही रे! हिला जन्मात धार लागलेली नाही. घरी जाणाऱ्या शिपायानं भिंतीवर टांगायला घेतलेली दुकानातली वस्तू. त्या आजोबांनी फ्रान्समधल्या कुठल्या तरी बाजारात विड्या देऊन घेतली असणार. मी म्हटलं, अरे मग तिथेच सांगायचं! तर म्हणाला, सांगितलं असतं तर पुन्हा माळ्यावर गेली असती. मला दिली असती का?"

मी विचारलं, "आणि ती सून? ती होती तिथे?"

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "पाणी तिनंच आणून दिलं. तांब्याभांडं ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कडेवर तान्हं पोर. तिच्यादेखत म्हातारी म्हणाली, हिनंच खाली काढली."

अप्पा! हे कसं शक्य आहे?

चुकीचं काही कानावर पडलं तर तुम्हाला कधी राहवलं होतं का? सोसायटीच्या फळ्यावरची ऱ्हस्वदीर्घं तुम्ही खडूनं सुधारायचात. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला "तसं नाही हो" म्हणून मोठ्यानं टोकायचात. माझ्या सासऱ्यांना लग्नाच्या बैठकीत पानिपताबद्दल दुरुस्त केलंत तुम्ही, आई डोळे वटारत असताना! आणि त्या घरात, त्या मुलीच्या हातचं पाणी पिऊन, तुम्ही गप्प बसलात? एक वाक्य बोलायचं होतं, अप्पा. एकच. त्या ओटीवर ते वाचू शकणारे तुम्ही एकटे होतात!

काका मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तिला तलवार दे, नमस्कार कर आणि निघ. त्याला आधीपासून माहीत होतं हे सांगू नकोस. गेलेल्या माणसाची लाज राखावी." मला ते पटलंही. खरं सांगते, पटलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठली, तुमच्या फोटोसमोर गेली आणि तुमच्याशी बोलावं तशी म्हणाली, "अहो, काय केलंत हे?" माझ्याकडे वळून म्हणाली, "तू आपणहून सांगू नकोस. पण तिनं विचारलं तर खोटं बोलायचं नाही. आपल्या घरातून तिच्याशी एकदा खोटं झालंय."

चौकीतले कागदपत्र पुरे व्हायला थोडा वेळ गेला. काल तलवार हातात आली आणि आज मी गेले.

वाघोलीत एका कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ आहे. अप्पा, मी रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला जाते! मला नुसतं म्हणाला असतात, "मनू, मला वाघोलीला सोड," तर दारात उतरवलं असतं. का नाही म्हणालात? मी विचारलं असतं म्हणून ना, की कशासाठी?

कमलताई पन्नाशीच्या आतबाहेर असतील. हात पिठाचे, पदर खोचलेला. मला बघून म्हणाल्या, "तुमी त्यांची लेक. नाक तसंच हाय." आतल्या खोलीत सतरंजीवर बसवलं, चहा दिला. तुमची भेट कशी झाली ते सांगितलं. खानावळीतल्या मुलींनी आग्रह केला म्हणून कमलताई जवळच्या एका शाळेत जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनाला गेल्या. तुमच्या टेबलाशी आल्या, आणि म्यानावरचा ओळखीचा पोचा बघून जागच्या जागी थांबल्या. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत म्हणे, "काय ताई, आवडली का?"

"म्या म्हनलं, ह्या तलवारीनं माझा नवरा खाल्ला. आनि सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली बसले वो. खुर्चीत न्हाई, भुईवर. लोक बघाया लागले. मला म्हनले, तू पानी दिलं हुतंस. म्या म्हनलं, म्हंजे तुमीच नेली व्हय? तर माझा नंबर घेतला, म्हनले, मी सोता येऊन परत देतो."

मग त्या आपलं सांगू लागल्या, आणि मी ऐकत राहिले. तुम्ही तलवार नेल्यावर महिन्याभरात सासूनं त्यांना पोरीसकट माहेरी घालवलं. भावाच्या घरीही तेच. सण आला की भावजय म्हणायची, तुम्ही देवाजवळचं काही करू नका. पुण्यात आल्या, लोकांच्या घरी स्वयंपाक केला, मग ही खानावळ काढली, पोरीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं.

"लोकांचं काय न्हाई, ताई. पर मलाच खरं वाटाया लागलं. माझ्याच हातात कायतरी वंगाळ हाय असं. दसरा आला की म्या आजून बी दार लावून बसते. नातू झाला, लेक म्हनली, आई घे की. म्या न्हाई घेतला. भ्या वाटलं. तिला वाटलं, आईला मुलगी पायजे हुती."

अप्पा, मी तिथे काय बोलायला हवं होतं?

मी चादर सोडली. तलवार बाहेर काढली. त्या भिंतीपर्यंत मागे सरकल्या. मी पात्यावरची अक्षरं दाखवून अर्थ सांगितला. ही लढाईची नाही, ही आठवणीची आहे. मेलेल्याच्या हातातली नाही, जिवंत घरी गेलेल्या माणसानं हौसेनं घेतलेली आहे. "धारेवर बोट फिरवून बघा," म्हटलं. त्यांनी पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. आधी हळू. मग जोरात. मूठ ते टोक.

"बोथट हाय की ही!" त्या म्हणाल्या. "ह्या मेलीनं तर मेथीची जुडी बी कापली नसंल!" आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांचं रडं कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, अगदी सहज विचारलं, "मंग हे तुमच्या वडलांना कवा कळलं?"

काकांचा सल्ला माझ्या डोक्यात होता. 'आत्ता, एवढ्यातच,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी तुम्हाला हात जोडले असते. देवमाणूस म्हणाल्या असत्या.

मी म्हटलं, "तेव्हाच."

"तवाच म्हंजे?"

"त्या दिवशीच. तुमच्या ओटीवर वाचली, तेव्हाच."

"म्या पानी दिलं तवा?"

"हो."

त्या उठल्या. बाहेरून पोरांनी हाक मारली, "मावशी, भाकरी!" त्या गेल्या. मी तुमची तलवार मांडीवर घेऊन बसून राहिले. बाहेर भाकरी थापल्याचा आवाज येत होता, ताटं वाजत होती, कुणी कांदा मागत होतं. मला वाटलं, त्या आता आत येणारच नाहीत. मी गुपचूप निघून जावं हेच बरं. लाज म्हणजे काय असते, अप्पा, ते मला आज कळलं. आणि ती लाज तुमची होती!

पोरं जेवून गेल्यावर त्या आल्या. समोर बसल्या. आवाज चढवला नाही.

"मला तुमच्या वडलांचा राग आलाय. आत्ता आलाय. पर ते मेलेत, आता म्या कुनावर काढू?" मग म्हणाल्या, "घरनं निघालं तर हुते. त्ये बी खरंच हाय. कुनी बोलवलं नव्हतं त्यास्नी."

मी तलवार त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "ही तुमची."

त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "मला नगं. लोखंड काय बोलतं व्हय? माझी सासू जित्ती हाय. डोळ्यानं दिसत न्हाई, पर कान शाबूत हायेत. सगळा भावकीचा गोतावळा हाय तितं. तुमच्या वडलांनी तवा जे बोलायचं हुतं, ते तुमी त्या ओटीवर येऊन बोला. मला तेवढंच पायजे."

मी हो म्हटलं. क्षणभरही विचार केला नाही.

परत येताना गाडीत मात्र खूप विचार केला. तुमच्यावर चिडले, रडले, पुन्हा चिडले. तुम्ही मला ऐन शेवटी असे अर्धेमुर्धे, दोन तुकड्यांत का भेटलात? एक अप्पा, हव्या त्या वस्तूसाठी तोंड मिटून बसणारा. आणि एक, त्याच वस्तूला चादरीत गुंडाळून, दुखरे गुडघे घेऊन, उन्हात बसची वाट बघणारा. गाडी का नाही काढलीत? आईनं मागे लागून विचारलं असतं, म्हणून? की गादीवर ठेवून न्यायची तिची लायकी उरली नाही, असं वाटलं तुम्हाला? हे मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी बस वेळेवर आली असती, तर तुम्ही खरं काय ते सांगितलं असतं का? की नुसती तलवार देऊन, नमस्कार घेऊन परतला असतात? कमलताई म्हणतात, "सांगायचं हाय" म्हणाले होते. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. मला तो ठेवावाच लागेल. नाहीतर मी तुमच्या फोटोसमोरून कशी ये-जा करू?

तेव्हा ऐका. येत्या रविवारी कमलताई, त्यांची लेक, आई आणि मी, चौघी त्या गावाला जाणार आहोत; आईला अजून सांगायचंय, पण ती येणारच. मी त्या ओटीवर सगळ्यांसमोर ते पातं वाचून दाखवीन, आणि त्यांच्या आंधळ्या सासूचा हात धरून धारेवरून फिरवीन. तुमचं नावही घेईन. हे सगळं माझ्या वडिलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं सांगेन. तुमच्यावर पांघरूण घालणार नाही आणि तुम्हाला टाकूनही देणार नाही. आणि त्या घरात कुणी पुन्हा "हिनंच खाली काढली" म्हणालं, तर मी गप्प बसणार नाही, हे माझं तुम्हाला वचन.

तुमचीच,
मनू